वाचनालयाच्या संगणक खोलीची वीजजोडणी: प्रकल्प नोंदी, पेडणे तालुका, गोवा

११ मे २०२४: यादी आणि पाहणी

गाव किनाऱ्याला लागून. वाचनालय सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) उतारावर, संगणक खोलीच्या खिडक्या पश्चिमेला. यंत्रे ६. गावातली मुले परीक्षांचे फॉर्म भरायला, निकाल पाहायला, छपाईला इथे येतात. खोली बंद राहिली तर त्यांना पेडणे किंवा म्हापसा गाठावे लागते. म्हणून पाऊस धरायच्या आत सगळी यंत्रे उभी करायची आहेत.

यंत्र १ ते ४ असेंबल केलेली. त्यांत नवे एच६१० चिपसेटचे मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, इंटेल आय५-१२४०० प्रोसेसर आणि प्रत्येकी ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बसणार. यंत्र ५ चा जुना बोर्ड आणि १७० वॅटचे ग्राफिक कार्ड तसेच ठेवून नवा ६५० वॅटचा मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस. यंत्र ६ ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप, त्याचे वेगळे पाहावे लागेल.

जुनी जोडणी सोडवताना फोटो काढून ठेवले. सहापैकी पाच यंत्रे "चालू" होती, पण आत पाहिल्यावर चित्र वेगळे. यंत्र २ मध्ये प्रोसेसरच्या आठ पिनांच्या सॉकेटात चारच पिनांचा तुकडा लावलेला. यंत्र ३ मध्ये २४ पिनांच्या मुख्य कनेक्टरचा चार पिनांचा वेगळा तुकडा अर्धवट वर आलेला आणि शेजारच्या दहाव्या पिनेचे प्लॅस्टिक तपकिरी पडलेले. यंत्र ५ खिडकीला सर्वांत जवळ. त्याच्या प्रोसेसर सॉकेटातल्या एका पिनेवर हिरवट थर.

यंत्र चालू होते म्हणजे जोडणी बरोबर आहे, असे या कामात कुठेच धरायचे नाही. प्रत्येक जोड मीटरने मोजून वहीत टिपायचा.

हत्यारे: चांगला मल्टिमीटर, त्याला बारीक सुईसारखी टोके, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा; साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो, तो इथे उपयोगाचा नाही), टॉर्च, दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, कागदाची क्लिप, केबल टाय, लेबलपट्टी.

१२ मे: आधी भिंतीतला सॉकेट

एसएमपीएसच्या आधी खोलीचा स्विचबोर्ड मोजला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १४१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ९२. शेवटचा आकडा एक-दोन व्होल्टांचा असायला हवा. सहाही संगणकांचे प्लग काढून पुन्हा मोजले, तर न्यूट्रल-अर्थचा आकडा खाली येऊन भरकटत राहिला. अर्थची तार कुठेतरी तुटली आहे आणि तिच्यावरचा व्होल्टेज संगणकांमधूनच येतो आहे, हे त्यावरून कळते.

कारण असे. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेजपासून आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ धड असेल तर त्यांच्यातून जाणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तुटली की बॉडी मुख्य पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ते यामुळेच. अशा अवस्थेत मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना बोर्डाचे पोर्ट जाऊ शकते, आणि सहा यंत्रांचा गळती प्रवाह एकाच लोंबत्या तारेवर एकत्र येतो.

परवानाधारक वायरमनने खड्डा उकरला. अर्थिंगच्या पाइपावरचा क्लॅम्प खाऱ्या हवेने खाऊन गेलेला, तार नुसती टेकून होती. सड्यावरचा जांभा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो आणि कोरडा जांभा वीज नीट वाहू देत नाही, म्हणून नवा क्लॅम्प बसवण्याबरोबर खड्डा पुन्हा भरून पाणी मुरवले. नंतर न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट. उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम वाचनालयाच्या यादीत लिहून दिले.

१५ मे: एसएमपीएस सुटे तपासले

बोर्डाला काहीही न जोडता प्रत्येक एसएमपीएस टेबलावर ठेवला. भिंतीतल्या सॉकेटाची केबल लावून मागचा स्विच चालू केला की जांभळ्या तारेवर, म्हणजे नवव्या पिनेवर, ५ व्होल्ट यायला हवेत. हा स्टँडबाय पुरवठा, संगणक बंद असतानाही तो असतो. हिरव्या तारेवर, सोळाव्या पिनेवर, ३ ते ५ व्होल्टांदरम्यान काहीतरी दिसते. ही हिरवी तार क्लिपने कोणत्याही काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. मदरबोर्डही बटण दाबल्यावर नेमके हेच करतो, हिरवी तार खाली ओढतो.

सुरू झाल्यावर मोजायचे: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, निळी उणे १२. एटीएक्स मानकात (बोर्ड आणि एसएमपीएस यांच्यासाठी ठरलेले मानक) पहिल्या तिघांना ५ टक्के सूट आहे, म्हणजे १२ चे ११.४० ते १२.६०, ५ चे ४.७५ ते ५.२५, ३.३ चे ३.१४ ते ३.४७. निळीला १० टक्के. करड्या तारेवर, आठव्या पिनेवर, सुरुवातीला शून्य आणि साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्टांच्या आसपास यायला हवे. "सगळे व्होल्टेज स्थिर झाले" हा एसएमपीएसने बोर्डाला दिलेला निरोप. तो येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. बाकी सगळे बरोबर असून करडी तार मेली असेल तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

विसाव्या पिनेची जागा रिकामी आहे, ते बरोबरच. तिथे पूर्वी उणे ५ व्होल्टांची पांढरी तार असे, ती मानकातून काढली गेली. जुन्या फोटोवरून नवी केबल पाहणारा इथे अडखळतो. तेराव्या पिनेत कधी नारिंगीबरोबर एक बारीक तपकिरी तार असते. ती ३.३ व्होल्ट बोर्डाच्या टोकाशी किती पोचले हे एसएमपीएसला कळवते. ती कापायची नाही.

नव्या आलेल्या चार एसएमपीएसपैकी एकाचा स्टँडबाय ४.७१ भरला, भार नसतानाच. मर्यादेखाली असल्याने दुकानात परत. ६५० वॅटच्या एसएमपीएसचा पंखा क्लिप लावल्यावर फिरलाच नाही, पण आकडे सगळे चोख. कमी भारावर पंखा थांबवून ठेवण्याची त्यात सोय आहे, त्याला बिघडलेला समजायचे नाही.

इथले आकडे बिनभाराचे आहेत. एसएमपीएस जिवंत आहे एवढेच त्यांवरून कळते. एसएमपीएसचे झाकण कोणत्याही कारणाने उघडायचे नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून जास्त डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकते.

१६ मे: कपाटातली केबलांची पिशवी

वाचनालयाच्या कपाटात जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबल एका पिशवीत होत्या. नव्या ६५० वॅटच्या एसएमपीएसच्या मागे त्या सहज बसतात, खटकाही लागतो. तरी लावायच्या नाहीत.

केबलचे बोर्डाकडचे टोक मानकाने ठरलेले असते. एसएमपीएसकडच्या टोकाला असे कोणतेही मानक नाही. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिका, तिथल्या पिनांची मांडणी आपापल्या सोयीने करतात. पिशवीतल्या साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) केबलीची नव्या केबलीशी कंटिन्युइटी (कोणती तार कुठून कुठे जाते ते) ताडून पाहिली: नव्या एसएमपीएसमध्ये ज्या खोबणीत ग्राउंड, तिथूनच जुन्या केबलीत ५ व्होल्टांची तार निघते, आणि १२ च्या जागी ग्राउंड. ती लावली असती तर हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टांच्या बाजूला उलटा पुरवठा गेला असता. डिस्क तिथेच संपते, डेटासकट.

सगळ्या जुन्या केबलांची टोके कापून टाकली. "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेली अशी केबल पुढे कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

मॉड्युलर एसएमपीएस बसवताना डिस्क जोडण्याआधी साटा प्लग मोजायची सवय ठेवावी. १५ पिनांचा हा चपटा प्लग तीन-तीनच्या गटांत असतो: ३.३, ग्राउंड, ५, ग्राउंड, १२. पाच तारांची केबल असेल तर रंगाने नारिंगी, काळी, लाल, काळी, पिवळी. तारा सगळ्या काळ्या असतील तर मीटरच खरा.

१८ मे: यंत्र १, टेबलावरची जोडणी

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड स्वतःच्या खोक्यावर ठेवून जोडला. अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवायचा नाही, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहतो. एसएमपीएसचा प्लग काढलेला, मागचा स्विच बंद.

मुख्य २४ पिनांचा कनेक्टर. खटक्याची बाजू बोर्डावरच्या दातासमोर. खोबण्यांमध्ये काही चौकोनी, काही दोन कोपरे छाटलेल्या. छाटलेल्या खोबणीत चौकोनी पिन शिरत नाही, त्यामुळे उलटा बसत नाही. पण जोर फार लावला तर प्लॅस्टिक वाकून शिरतेही, तेव्हा अडले की आधी दिशा पाहायची. दाबताना बोर्डाच्या कडेखाली दुसऱ्या हाताचे बोट ठेवून आधार द्यावा. २४ पिनांना बराच जोर लागतो, आणि आधार नसला तर बोर्ड धनुष्यासारखा वाकून जवळच्या बारीक सोल्डर जोडांना तडा जातो.

खटका लागल्याचा आवाज पुरेसा नाही. बाजूने टॉर्च मारून पाहायचे: खटक्याचे नाक दाताच्या खाली पूर्ण उतरलेले असावे आणि कनेक्टर व सॉकेट यांमधली फट दोन्ही टोकांना सारखी. एका टोकाला फट जास्त असेल तर त्या टोकाच्या पिना अर्ध्याच शिरल्या आहेत.

२०+४ प्रकारच्या केबलीत ही गोष्ट विशेष पाहायची. चार पिनांचा तुकडा वेगळा असतो, २० च्या मोठ्या तुकड्यावरच्या खाचेत तो सरकवून दोन्ही मिळून एकदम दाबायचे. मोठा तुकडा बसला की खटका लागतो आणि छोटा तसाच वर राहू शकतो. संगणक तरीही चालतो, कारण सगळे आवश्यक व्होल्टेज २० पिनांतही आहेत. यंत्र ३ मध्ये नेमके हेच झाले होते.

ते कसे घडले ते मांडून ठेवतो. मुख्य कनेक्टरमध्ये १२ व्होल्टांच्या पिना दोनच: दहावी आणि अकरावी. दहावी मोठ्या तुकड्यात, अकरावी छोट्यात. बोर्डावरचे पंखे आणि ग्राफिक कार्डाच्या स्लॉटला लागणारी १२ व्होल्टांची वीज या दोन पिनांतून येते. स्लॉटला १२ व्होल्टांवर ५.५ अँपिअरपर्यंत परवानगी आहे, त्यात पंख्यांचा एक धरला तर ६.५. दोन पिनांत वाटले तर प्रत्येकी ३.२५. छोटा तुकडा वर आला की सगळे ६.५ दहावीतून. जोडावरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या एका पिनेवर चौपट. यंत्र ३ मध्ये स्लॉटवरच चालणारे, वेगळी केबल न लागणारे कार्ड होते. दहाव्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी का पडले याचे उत्तर एवढेच. यंत्र चालत होते, म्हणून कुणी झाकण उघडले नाही.

आता प्रोसेसरची केबल. ती ४+४ तुकड्यांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत घेतो. बोर्डावरच्या व्हीआरएमचे (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागाचे) नुकसान धरून १३० च्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टांवर जवळजवळ ११ अँपिअर. चार पिवळ्या तारांत प्रत्येकी २.७५, दोनच लावल्या तर प्रत्येकी ५.५. नव्या पिनेचा जोडावरचा रोध १० मिलीओहमच्या आत असतो. खारी हवा लागून तो सगळीकडे ५० झाला असे धरले, तर चार तारांच्या जोडणीत प्रत्येक जोडावर ०.४ वॅटहून कमी, दोन तारांच्या जोडणीत दीड वॅट. दीड वॅट बंद प्लॅस्टिकमध्ये दाण्याएवढ्या धातूवर पडले की तो जोड तापतो, तापल्यावर पत्र्याचा चिमटा सैल पडतो, रोध आणखी वाढतो. म्हणून आठ पिनांचे सॉकेट असेल तिथे आठही पिना लावायच्या. बोर्ड चारवर सुरू होतो ही सोय फक्त चाचणीपुरती.

मुख्य केबलीचा सुटा चार पिनांचा तुकडा प्रोसेसरच्या सॉकेटात कधीही घालायचा नाही. त्यात १२, ३.३, ५ आणि ग्राउंड अशा चार वेगळ्या तारा असतात. रंगीत केबलीत हे लगेच दिसते, सगळ्या काळ्या केबलीत दिसत नाही. प्रोसेसरच्या तुकड्यावर बहुतेक वेळा "सीपीयू" छापलेले असते, ते वाचूनच लावायचे.

दोन्ही केबल, रॅमची एक पट्टी, प्रोसेसरचा पंखा, बाकी काही नाही. मागचा स्विच टाकल्यावर बोर्डावरचा स्टँडबाय दिवा लागला. चालू करून पूर्ण भार टाकला आणि कनेक्टरच्या मागून, तारेशेजारून सुई आत सरकवून व्होल्टेज घेतले. प्रोसेसर कनेक्टरवर बिनभार १२.११, पूर्ण भारावर ११.९८. मुख्य कनेक्टरच्या लाल तारेवर ५.०४, नारिंगीवर ३.३१. यंत्र १ ठीक.

१९ मे: यंत्र २ आणि ४

त्याच पद्धतीने. भारावरचा १२ चा आकडा यंत्र २ ला ११.९७, यंत्र ४ ला १२.०२.

यंत्र ४ कॅबिनेटमध्ये बसवल्यावर बटण दाबताच पंखा एक झटका घेऊन थांबायचा, परत दाबले की परत तेच. एसएमपीएसची शॉर्टपासूनची सुरक्षा अशीच वागते. बोर्ड बाहेर काढल्यावर नीट सुरू. कॅबिनेटच्या पत्र्यात जुन्या बोर्डाच्या मापाचा एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा खुंट) तसाच होता आणि तो नव्या बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकत होता. काढला. बोर्ड बदलताना स्टँडऑफ मोजून नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवायचे.

२३ मे: यंत्र ३

परत केलेल्याच्या बदली एसएमपीएस आला, स्टँडबाय ५.०६. जोडणी झाली. जुने स्लॉटवर चालणारे कार्ड पुन्हा लावले आहे, म्हणून मुख्य कनेक्टरच्या दोन पिवळ्या तारांवर क्लॅम्प वेगवेगळा लावून पाहिला: ३.०१ आणि २.९४ अँपिअर. वाटणी सारखी, म्हणजे दोन्ही पिना पूर्ण बसल्या आहेत. डोळ्यांनी कितीही पाहिले तरी ही खात्री क्लॅम्पनेच होते.

२५ मे: यंत्र ५

या यंत्रावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

आधी केबलांचा घोळ टाळणे. ग्राफिक कार्डाची आठ पिनांची केबल आणि प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला भावंडे. आतली मांडणी उलटी: प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या बाजूला चारही १२ व्होल्ट, ग्राफिकच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या बाजूला ग्राउंड. एक दुसऱ्याच्या सॉकेटात कोंबले तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडवर. ग्राफिकचा कनेक्टर ६+२ असा तुटतो, प्रोसेसरचा ४+४ असा, ओळखायची हीच साधी खूण. कार्डाला सहा पिनांतून ७५ वॅट, आठ पिनांतून १५० वॅट आणि स्लॉटमधून ७५ वॅट मिळू शकतात. १७० वॅटच्या या कार्डाला एक आठ पिनांची केबल आणि स्लॉट पुरतो. डिस्कच्या जुन्या चार पिनांच्या तारेवरून आठ पिना करून देणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात, ते इथे वर्ज्य.

आता हिरवी पिन. प्रोसेसर सॉकेटातल्या चार १२ व्होल्टांच्या पिनांपैकी खिडकीकडची. अल्कोहोल आणि ब्रशने थर निघाला, पण खाली कथिलाचा मुलामा गेलेला आणि पितळ उघडे. पॉलिश पेपरने घासायचे नाही, उरलेला मुलामाही जातो आणि पिन महिन्याभरात पुन्हा हिरवी होते.

बोर्ड टेबलावर, प्रोसेसरवर पूर्ण भार, प्रत्येक पिवळ्या तारेवर क्लॅम्प: ३.४, ३.४, ३.४ आणि ०.६ अँपिअर. एकूण १०.८. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून एक टोक कनेक्टरच्या मागून तारेच्या क्रिंपवर (तार धातूच्या चिमट्यात दाबलेली जागा) आणि दुसरे बोर्डाच्या खालच्या बाजूला त्याच पिनेच्या सोल्डरवर धरले. चांगल्या पिनांवर २४ मिलीव्होल्ट, हिरव्या पिनेवर ६०. भागाकार केला की रोध कळतो: चांगल्यांचा सुमारे ७ मिलीओहम, खराबाचा १००.

इथे एक बारकावा आहे. खराब पिन स्वतः फारशी तापत नाही, कारण प्रवाह तिला टाळून बाकीच्या तिघींकडे जातो. बोट लावून गरम पिन शोधणारा चांगल्या पिनेला दोष देऊन मोकळा होतो. कनेक्टरवरचा व्होल्टेजही ११.९४ होता, मर्यादेच्या पुष्कळ आत. नुसता व्होल्टेज पाहून हे यंत्र "उत्तम" ठरले असते, आणि उरलेल्या तीन पिनांतली एक पुढच्या पावसाळ्यात अशीच गेली असती तर दोघींवर सगळा भार आला असता.

निर्णय: केबल नवी आहे, दोष बोर्डावरच्या सॉकेटात. सॉकेट बदलायचे. ग्राउंडच्या पिना बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या मोठ्या थरांना जोडलेल्या असतात, त्या साध्या सोल्डरिंग गनने सुटत नाहीत, उष्णता तांबे ओढून घेते. बोर्ड खालून गरम करण्याची सोय असलेल्या म्हापशाच्या दुरुस्ती दुकानात पाठवला.

२९ मे: यंत्र ६

ब्रँडेड छोटे कॅबिनेट. मुख्य कनेक्टर २४ पिनांचा नाहीच. बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपांत एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो आणि ५ व ३.३ बोर्ड स्वतः बनवतो. डिस्कची वीजही बोर्डावरूनच निघते. काही बोर्डांचा मुख्य कनेक्टर दिसायला थेट प्रोसेसरच्या आठ पिनांसारखा असतो, पण पिनांचा अर्थ निराळा. काहींना स्टँडबायला ५ ऐवजी ११ किंवा १२ व्होल्ट लागतात. अशा बोर्डाला साधा एटीएक्स एसएमपीएस लावायचा तर नेमक्या त्याच मॉडेलचा कन्व्हर्टर हवा.

मूळ एसएमपीएस मोजला, भारावर १२.०६. काढायचे कारणच नाही. पिना अल्कोहोलने पुसल्या, कनेक्टर दोन-तीनदा काढून लावला. कथिलाच्या पिनांवर साचलेला ऑक्साइडचा पातळ थर या घासण्यानेच निघतो. पण ही कृती वारंवार करायची नाही, असे कनेक्टर साधारण ३० वेळाच काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात.

३१ मे: यंत्र ५ परत

नवे सॉकेट बसून बोर्ड आला. चार तारांवर २.७, २.७, २.६, २.७. मिलीव्होल्ट चारही पिनांवर १८ ते २०. भारावर कनेक्टरवर ११.९९. ग्राफिक कार्डासकट तासभर पूर्ण भार दिला, दोन्ही कनेक्टर जेमतेम कोमट.

१ जून: कॅबिनेटमध्ये

क्रम असा ठेवला. प्रोसेसरची केबल बोर्ड स्क्रूने आवळण्याआधी मागच्या बाजूने वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढून ठेवायची, छोट्या कॅबिनेटमध्ये नंतर हात शिरत नाही. मग बोर्ड, मग मुख्य केबल, मग डिस्क, शेवटी ग्राफिक. केबल कनेक्टरपासून निघताच करकचून वळवायची नाही. पहिले ३-४ सेंटीमीटर सरळ जाऊ द्यावी, नाहीतर कडेच्या तारा ओढल्या जाऊन आतला चिमटा एका अंगाने उघडतो. केबल टाय सर्व मोजमाप झाल्यावरच आवळायचे. आधी टाय मारून मग चाचणी करणाऱ्याला दोष सापडला तरी तो सोडवायचा कंटाळा येतो.

कनेक्टर काढावा लागला तर खटक्याचे वरचे टोक पूर्ण दाबून धरायचे आणि लांबीच्या दिशेने हलके डोलवत वर घ्यायचा. तारांना धरून कधीच ओढायचे नाही. काढण्याआधी प्लग बाहेर आणि पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून धरायचे, म्हणजे बोर्डावरचा दिवा विझतो.

प्रत्येक कॅबिनेटच्या आत झाकणावर लेबल लावले: एसएमपीएसचे मॉडेल, "याच एसएमपीएसच्या केबल", भारावरचे आकडे, तारीख.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर यंत्र १ ते ४ पैकी दोन बसतात. यंत्र ५ ला स्वतंत्र आणि मोठा हवा. वीज जाऊन यूपीएस उचलेपर्यंतचे काही मिलिसेकंद एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर काढतो, जुन्या एटीएक्स मानकात ही मुदत पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास होती. वीज जाताच यंत्र रीस्टार्ट होत असेल तर यूपीएस आणि एसएमपीएस दोन्ही तपासायचे.

२२ जून: पावसातली व्यवस्था

वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचना. गडगडाट सुरू झाला की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायचा आणि लॅनची केबलही, वीज त्या वाटेनेही येते. कामाचे दिवस सोडूनही आठवड्यातून दोनदा सगळी यंत्रे तासभर चालवायची. गरम राहिलेल्या बोर्डावर ओल धरत नाही. यंत्र एसीच्या खोलीतून आणले असेल तर तास-दोन तास बंद ठेवून मगच प्लग लावायचा, थंड पत्र्यावर दमट हवेचे पाणी जमते. यंत्र ५ खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावले. दुरुस्तीपेक्षा या जागाबदलाचा उपयोग जास्त होणार आहे.

१७ सप्टेंबर: चवथीनंतरची मोजणी

सुट्टीत खोली बंद होती, म्हणून चालू करण्याआधी सगळ्यांची झाकणे काढून पाहिले. हिरवा थर कुठेही नाही. भारावर प्रोसेसर कनेक्टरचे आकडे: यंत्र १ ला ११.९७, २ ला ११.९७, ३ ला ११.९९, ४ ला १२.०१, ५ ला ११.९८, ६ ला १२.०५. मे महिन्याच्या आकड्यांत आणि यांत मीटरच्या चुकीएवढाच फरक. यंत्र ५ च्या चार तारा २.७, २.७, २.७, २.६. यंत्र ३ च्या मुख्य कनेक्टरच्या दोन पिवळ्या तारा २.९८ आणि २.९५.

न्यूट्रल-अर्थ ०.९ व्होल्ट, जमीन ओली असल्याने. खरा आकडा एप्रिलच्या शेवटी घ्यायचा. त्याच वेळी यंत्र ३ आणि ५ वर क्लॅम्प पुन्हा लावायचा, बाकीच्यांचे व्होल्टेज पुरे.